निजलं की बरं!

दुखण्यांमध्येही प्रतिष्ठित आणि अप्रतिष्ठित असा भेद असतो. ताप हे प्रतिष्ठित दुखणं. त्याला थर्मामीटरची साक्ष असते. पारा एकशे दोनवर गेला, की घरातली माणसं आपोआप हळू बोलू लागतात. हाड मोडणं तर त्याहून भारदस्त. हाताला पांढरंशुभ्र प्लास्टर घालून माणूस घरभर हिंडत असला, तरी त्याला कोणी पाण्याचा तांब्या उचलायला सांगत नाही. डोकेदुखीच्या नशिबी हा मान नाही. डोकं दुखतंय असं म्हणणाराच तिचा एकुलता एक साक्षीदार. आणि बाईच्या एकटीच्या साक्षीवर घर किती दिवस विश्वास ठेवतं, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको.

त्यातून ती डोकेदुखी जर अशी असेल, की आडवं पडलं की थांबते आणि उठून बसलं की सुरू होते, तर मग विचारूच नका! एखाद्या कामचुकार माणसानं आपल्या सोयीचं दुखणं मुद्दाम घडवून घ्यायचं ठरवलं असतं, तर त्यानं अगदी असंच घडवून घेतलं असतं. पडून राहिलं की सगळं ठीक. कामाला हात लावायची वेळ आली, की डोकं गच्च! असं दुखणं खरोखर असतं, त्याला कारण असतं, आणि त्यावर उपायही असतो, हे २०१२ सालच्या मे महिन्यापर्यंत मला ठाऊक नव्हतं. माझी मुलगी झाली, तेव्हा ते ठाऊक झालं.

आम्ही त्या वेळी दीपनगरच्या वसाहतीत राहत होतो. भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं, की फेकरीच्या अलीकडे-पलीकडे आकाशात उंच धुराडी दिसू लागतात, तेच हे दीपनगर. कोळशाच्या वाघिणी येतात, कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चाकं फिरतात आणि वीज तयार होते. जुन्या दोनशे दहा मेगावॅटच्या संचांशेजारी नव्या पाचशे मेगावॅटच्या संचांचं काम त्या वर्षी चाललं होतं. आमचे हे बॉयलरच्या देखभालीवर होते. त्यामुळे घरात जेवणाच्या पाटावरसुद्धा वाफ, दाब, नळ्या आणि झडपा यांचीच भाषा असे. ही भाषा पुढे माझ्याच डोक्याच्या उपयोगी पडेल, असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

थोरला मुलगा पाच वर्षांचा. त्याला शेजारच्या काकूंच्या स्वाधीन करून आम्ही भुसावळला दवाखान्यात गेलो. सासूबाई यावल तालुक्यातल्या आमच्या गावाहून आठ दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या. बाळ पायाळू होतं. सासूबाईंना त्याचा केवढा आनंद! पायाळू माणसाची लाथ कंबरेला लागली की उसण जाते, अशी आपल्याकडची समजूत. “आता साऱ्या गल्लीच्या कंबरा बऱ्या व्हतीन,” असं त्या येईल त्याला सांगत होत्या. डॉक्टरीणबाईंचं मत जरा निराळं पडलं. त्यांनी सिझेरियन करायचं ठरवलं.

भूल देणारे डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी मला कुशीवर वळवलं आणि गुडघे पोटाशी व हनुवटी छातीशी घ्यायला सांगितलं. दिवस भरलेल्या बाईला असं गोळा व्हायला सांगणं म्हणजे कलिंगडाची घडी घालायला सांगण्यासारखंच आहे. पण जमेल तशी मी वळले. पाठीवर गार स्पिरिट, मग मुंगी डसल्यासारखी एक सुई, मग आत कुठंतरी नुसता दाब. दोन मिनिटांत पाय ऊन ऊन झाले आणि मग ते माझे राहिलेच नाहीत. मी मात्र पूर्ण जागी होते. पडद्याच्या पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता; आणि थोड्या वेळानं त्या आवाजांतून एक बारीक, रागावलेला सूर वर आला. माझी लेक रडत होती. पूर्वी सिझेरियनला संपूर्ण भूल देत, तेव्हा आईला हा पहिला सूर ऐकायला मिळत नसे. आज बहुतेक ठिकाणी पाठीतच भूल देतात. ती आईला जास्त सुरक्षित असते, आणि बाळाचं पहिलं रडणं आई स्वतःच्या कानांनी ऐकते. त्या सुईचे हे उपकार मी आधी सांगून टाकते, कारण यापुढे तिची गाऱ्हाणीच सांगायची आहेत.

पहिले दोन दिवस टाक्यांचं दुखणं सोडलं तर बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बसले आणि कोणीतरी मेंदूला दोर बांधून तो मानेकडे ओढावा, तसं झालं. कपाळ, डोक्याची मागची बाजू, मान आणि दोन्ही खांदे एकदम जड झाले. कानांत घूं घूं असा आवाज. खिडकीतला उजेड डोळ्यांत काटे टोचल्यासारखा टोचू लागला. मळमळलं. मी आडवी झाले. आणि बटण दाबून दिवा मालवावा, तशी ती कळ दोन मिनिटांत मालवली! मला वाटलं, चक्कर असेल. पुन्हा उठले. पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा झालं.

सिस्टरनी रक्तदाब पाहिला, ताप पाहिला. दोन्ही ठीक होते. “अशक्तपणा असेल,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या खाटेकडे वळल्या. त्यांचीही काही चूक नव्हती. त्या माझ्याजवळ येत तेव्हा मी निजलेली असे, आणि निजलेली असताना मी ठणठणीत असे.

आणि मग सुरू झालं निदानांचं संमेलन. मे महिना, भुसावळचं ऊन. तेव्हा पहिलं निदान अर्थातच ऊन लागल्याचं. त्यावर कैरीचं पन्हं आलं. सासूबाईंचं निदान वाऱ्याचं होतं. “तुले वारा लागला वं माय, पंख्याखाली उघड्या डोक्यानं निजली व्हती,” असं म्हणून त्यांनी माझ्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि डोक्याला फडकं आवळून बांधलं. मुलगी गोरी म्हणून दृष्टीचंही एक निदान झालं आणि मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. माझ्या उशीलाही दोष मिळाला. कोणी काही म्हणो, सगळ्यांच्या उपायांत एक गोष्ट समान होती. उपाय चालू असताना मी पडून असे, त्यामुळे प्रत्येक उपाय लागू पडे. आणि मी उठले, की प्रत्येक उपाय हरे.

रात्री वीज गेली की बाकीचा वॉर्ड उकाड्यानं कासावीस होई, आणि मला तो अंधार अमृतासारखा वाटे. वीज केंद्रातल्या माणसाच्या बायकोनं वीज जावी म्हणून देवाला विनवावं! “दीपनगरची बाई आणि दिवा मालवा म्हणते,” असं तिथली आया हसून म्हणाली, तेव्हा मलाही हसू आलं. पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

बाळ पाहायला माणसं येऊ लागली. झबली-टोपडी आली, डिंकाचे लाडू आले. मी निजल्या निजल्या सगळ्यांशी हसून बोलत असे. मग बाळ रडे, कोणीतरी ते माझ्या हातात द्यायला येई, मी उठून बसे आणि डोकं धरून डोळे मिटून घेई. लांबच्या नात्यातल्या एक बाई सासूबाईंच्या कानाशी म्हणाल्या. त्यांना वाटलं, कापसाच्या बोळ्यांमुळं मला ऐकू येणार नाही. “आत्ता तर चांगली हसत होती. पोर घ्यायची वेळ आली, की डोकं दुखतं होय? आम्ही बाळंतीण असताना चौथ्या दिवशी पाणी शेंदायला जात होतो.” सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

आमच्या घरची एक शिस्त होती. निजून बाळाला पाजायचं नाही. दूध कानात जातं, कान वाहतो. तेव्हा दर दोन तासांनी मला उठून बसणं भागच होतं. पंधरा मिनिटं एक बाजू, पंधरा मिनिटं दुसरी. त्या अर्ध्या तासात मी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत असे. दूध ओढणाऱ्या त्या इवल्याशा तोंडाकडे पाहण्याचंही सुख घेता येत नसे. कारण मान खाली घातली की कळ वाढे. आणि मग एक अशी गोष्ट झाली, की जिची मला आजही आठवण नको वाटते. चौथ्या रात्री पाळण्यातून जरा कुरकुर ऐकू आली आणि माझ्या अंगावर काटा आला. जिचं रडणं ऐकायला मिळालं म्हणून मी त्या सुईचे उपकार मानले होते, तिच्या रडण्याची मला धास्ती वाटू लागली होती. डोकं दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं. आणि ते तर कोणाला सांगताही येण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी हे रात्रपाळी संपवून थेट दवाखान्यात आले. मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं: निजलं की थांबतं, उठलं की सुरू, जितका वेळ बसावं तितकं वाढतं. डॉक्टरी त्यांना काडीची येत नाही. पण ते जरा विचार करून म्हणाले, “अगं, हे तर लीकेज दिसतंय! उभं राहिलं की दाब उतरतो, आडवं केलं की सारखा होतो. कुठंतरी गळतंय.” बॉयलरच्या हजारो फूट नळ्यांत टाचणीएवढं भोक पडलं, तर ते डोळ्यांना दिसायच्या आधी आकड्यांवरून कळतं. नेहमीपेक्षा जास्त पाणी भरावं लागतं, दाब राहत नाही. गळतीचा वास त्यांना सवयीनं येतो. त्यांनी जाऊन डॉक्टरीणबाईंना हेच शब्द सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी लगेच भूल देणाऱ्या डॉक्टरांना निरोप पाठवला.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “निजल्यावर थांबतं का?” मग रक्तदाब पाहिला, मान हलवून पाहिली, डोळ्यांनी नीट दिसतं का, हातापायांत जोर आहे का, ते तपासलं. मग हातातल्या घड्याळाकडे पाहत मला बसवलं, निजवलं, पुन्हा बसवलं. शेवटी ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, “आजी, सूनबाईंचं दुखणं अगदी खरं आहे. ते असंच असतं.” त्या एका वाक्यानं माझं अर्धं डोकं उतरलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांनी जे समजावून सांगितलं, ते असं. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतात. हे पाणी सारं मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाचा एक मोठा पेलाभर. पण शरीर रोज सुमारे पाचशे मिलिलिटर नवं करतं आणि जुनं शोषून घेतं. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. मेंदूचंही तसंच. चौदाशे ग्रॅमचा हा ऐवज पाण्यात तरंगतो म्हणून पन्नासएक ग्रॅमइतकाच भासतो. पाठीत भूल देताना सुई या पाण्याच्या पिशवीला टोचून आत जाते, औषध सोडते आणि बाहेर येते. बहुतेक वेळा ते छिद्र मुकाट्यानं बुजतं. कधी ते उघडं राहतं आणि पाणी झिरपू लागतं. मग माणूस उठून बसला, की मेंदूला खालचा आधार कमी पडतो. तो किंचित खाली ओढला जातो, भोवतालची आवरणं ताणतात, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं दुखू लागतं. आडवं झालं की ताण सुटतो. यात टोचणाऱ्याची चूक असतेच असं नाही. तरुण वयात आणि बायकांना हे जास्त होतं. आणि बाळंतीण म्हणजे तरुणही आणि बाईही!

पुढं बरी झाल्यावर मी या दुखण्याचा इतिहास मिळेल तिथून वाचून काढला, आणि त्यात मला एक फार मोठा सोबती भेटला. ऑगस्ट बिअर हे त्याचं नाव. जर्मनीतल्या कील शहरातला हा शस्त्रवैद्य. १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यानं एका रोग्याच्या पाठीत कोकेनचं औषध टोचून, रोगी जागा असतानाच त्याच्या पायावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर आणखी काही रोग्यांवर त्यानं तोच प्रयोग केला. शस्त्रक्रिया चांगल्या झाल्या, पण काहींना नंतर डोकेदुखी आणि ओकाऱ्या झाल्या. हे का होतं ते पाहायला त्यानं २४ ऑगस्टला स्वतःचीच पाठ पुढं केली. हिल्डेब्रांट नावाच्या त्याच्या सहायकानं सुई टोचली. पण पिचकारी सुईला नीट बसेना, आणि बरंच पाणी गळून गेलं. मग पाळी हिल्डेब्रांटची आली. त्याच्या पाठीत औषध नीट गेलं. पाय बधिर झाले आहेत की नाहीत ते पाहायला बिअरनं त्याला सुया टोचल्या, पेटत्या सिगारनं चटका दिला, नडगीवर लोखंडी हातोडा हाणला! बिचाऱ्याला काही कळलं नाही. प्रयोग साधला म्हणून दोघांनी त्या रात्री जेवणाबरोबर मद्य घेतलं, सिगारी ओढल्या. भूल उतरल्यावर सहायकाच्या नडग्यांची काय दशा झाली असेल, ती कल्पनाच करावी. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रोफेसर बिअर यांचं डोकं जे दुखू लागलं, ते नऊ दिवस! आडवं पडलं की थांबे, उठलं की सुरू होई. आपलं गळलेलं पाणीच याच्या मुळाशी असावं, हे त्यानं तेव्हाच ताडलं आणि लिहून ठेवलं.

हा मजकूर वाचताना माझ्या मनात एक विचार आला. कीलमधल्या त्या घरी कोणी म्हटलं असेल का, की “प्रोफेसर आत्ता तर हसत होते, कामाला जायची वेळ आली की डोकं धरतात”? एका पुरुषानं, त्यातून प्रोफेसरानं, निजून राहून भोगलेलं ते दुखणं शास्त्राच्या ग्रंथांत गेलं. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत किती बाळंतिणींनी ते बसून, बाळाला पाजत भोगलं असेल आणि वर आळशीपणाचा ठपका घेतला असेल, त्याची नोंद कोणी ठेवली?

मात्र एवढं खरं, की सुया सुधारल्या. बिअरच्या सुया जाड होत्या, त्यांची भोकंही मोठी पडत. पुढं सुया बारीक झाल्या. आज अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक सुया वापरतात. टोकही बदललं. पूर्वीचं टोक कापत जाणारं होतं. १९५१ साली अमेरिकेत हार्ट आणि व्हिटेकर या दोघांनी पेन्सिलीसारख्या निमुळत्या टोकाची सुई पुढं आणली. ती आवरणाचे धागे कापण्याऐवजी बाजूला सारते, म्हणून ती निघाली की ते धागे पुष्कळसे पुन्हा जवळ येतात. विणलेल्या स्वेटरातून विणायची सुई काढून घ्यावी, तसंच हे. अशा बारीक, निमुळत्या सुईनं भूल दिली, तर ही डोकेदुखी शंभरात एखादीलाच होते. पण आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चारांत एक बाळंतपण सिझेरियननं झाल्याचं आढळलं. तेव्हा शंभरात एक म्हटली, तरी अशा बायकांचा आकडा लहान राहत नाही.

डॉक्टरांनी मला दोन दिवस साधे उपाय दिले. वेदनाशामक गोळी आणि दोन वेळा कडक चहा. चहा-कॉफीतल्या द्रव्यानं फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि तात्पुरतं बरं वाटतं. खानदेशातल्या बाईला चहा प्यायला सांगणं, याला औषध म्हणावं की आग्रह, हा प्रश्नच आहे. पण पाजणाऱ्या आईनं तोही बेतानंच घ्यायचा. सगळ्यांत मोठा उपाय त्यांनी सासूबाईंना सांगितला: बाळाला कुशीवर निजून पाजू द्या, आणि पाजणं होईपर्यंत शेजारी कोणीतरी जागं बसा. सासूबाईंनी कानात दूध जाण्याची शंका काढली. डॉक्टर म्हणाले, “बाळाला अगदी उताणं न ठेवता आईकडे तोंड करून कुशीवर धरा, डोकं किंचित वर राहू द्या, आणि तुम्ही बसा ना जवळ लक्ष ठेवून.” सासूबाई त्या रात्री पदर खोचून माझ्या खाटेशी बसल्या. पहाटेच्या पाजण्याला मी पहिल्यांदा माझ्या लेकीचा चेहरा नीट पाहिला. तिच्या हनुवटीला एक लहानशी खळी होती. पाच दिवस ती तिथंच होती, आणि मी फरशा मोजत होते!

साध्या उपायांनी पुष्कळांची डोकेदुखी आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाते. माझी मात्र हटेना. मग डॉक्टरांनी ठिगळाची गोष्ट काढली. हा उपाय मोठा मौजेचा आहे. १९६० साली जेम्स गॉर्मली नावाच्या अमेरिकन शस्त्रवैद्याच्या लक्षात आलं, की टोचताना थोडं रक्त आलं, तर त्या रोग्यांना डोकेदुखी कमी होते. त्यावरून त्यानं रोग्याचंच थोडं रक्त काढून गळतीच्या जागेजवळ सोडून पाहिलं. रक्त गोठतं, भोकावर बसतं, गळती थांबते. पुढं १९७० पासून हा उपाय रूढ होत गेला. आज साधारण पंधरा-वीस मिलिलिटर रक्त वापरतात. एका दमात सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. कोणाला दुसऱ्यांदाही करावं लागतं. आणि ताप असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर तो करत नाहीत.

सातव्या दिवशी माझ्या दंडातून रक्त काढलं आणि तेच पुन्हा पाठीत सोडलं. पाठीत आणि कंबरेत दडपल्यासारखं झालं, बाकी काही नाही. तासाभरानं डॉक्टरांनी बसायला सांगितलं. मी भीत भीत उठले. कळ आली नाही. मी आणखी ताठ बसले. तरी आली नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं नुसता उजेड होता, काटे नव्हते. हे म्हणाले, “पंक्चर निघालं!” सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, “आपलंच रगत आपल्या कामी आलं वं. दुसऱ्याचं उसनं घ्यायची पाळी नाही आली.” या उपायाचं याहून नेमकं वर्णन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

आता थोडं कामाचं बोलते. भूल घेतल्यावर चोवीस तास उशीशिवाय सपाट निजलं, तर ही डोकेदुखी टळते, असं पुष्कळ जण अजून सांगतात. तपासण्यांत तसं दिसून आलेलं नाही. निजणं हा आलेली कळ थांबवण्याचा उपाय आहे, ती येऊच नये याचा नव्हे. हंडाभर पाणी प्यायल्यानंही छिद्र बुजत नाही. तहानेपुरतं प्यावं. पोट आवळून बांधण्याचा उपाय एके काळी डॉक्टरांनीही केला. पण त्यात सुखापेक्षा त्रासच जास्त, म्हणून तो मागं पडला. आणि पुढं वीस वर्षांनी कंबर दुखली, तरी तिचं खापर त्या एका सुईवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. पोर कडेवर घेऊन, वाकून झाडून, हंडे उचलून झिजलेल्या कंबरेला दुसरं कोणतंच कारण सापडू नये, याचं मला नवल वाटतं.

पण बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी या सुईचीच असते, असं मात्र धरून चालू नका. निजूनही थांबत नसेल, सोबत ताप असेल, नजर अंधुक होत असेल, हातापायांतला जोर गेला असेल, बोलणं अडखळत असेल, झटके येत असतील किंवा रक्तदाब चढला असेल, तर कारण निराळं आणि धोक्याचं असू शकतं. मेंदूच्या शिरेत रक्त गोठणं, बाळंतपणानंतर रक्तदाब चढणं, ही त्यातलीच. अशा वेळी पन्हं, बोळे, मीठ-मोहऱ्या यांत एक तासही घालवू नये. आणि उठल्यावरच दुखणारी डोकेदुखीसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घालावीच. ती आपोआप जाईल म्हणून सोसत बसू नये. विशेष काही मागायचं नसतं. “निजलं की थांबतं, उठलं की सुरू होतं,” एवढे शब्द स्पष्ट सांगायचे. या दुखण्याचं सगळं निदान त्या शब्दांतच आहे.

माझी लेक आता मोठी झाली आहे. पायाळू असूनही तिच्या लाथेनं कोणाची उसण गेल्याचं ऐकिवात नाही. सासूबाईंना मात्र त्या सात दिवसांनी एक विद्या देऊन ठेवली. गावात कोणाच्या घरी सिझेरियनची बाळंतीण आली, की त्या काठी टेकत पाहायला जातात. ती डोकं धरून बसलेली दिसली, की भोवतालच्या बायका ऊन, वारा, दृष्ट यांची चर्चा करू लागतात. सासूबाई त्यांना हातानं गप्प करतात, बाळंतिणीजवळ बसतात आणि विचारतात, “निजल्यावर थांबते का वं माय?” ती हो म्हणाली, की त्या तिच्या सासूकडे वळून हुकूम सोडतात, “मग हिले निजू दे. निजूनच पाजू दे, तू जवळ बस. आणि सकाळी पह्यली गाडी काढून डॉक्टरले दाखव.”